आयनॅचरलिस्ट स्वॅलोटेलपुढे किती टिकते?

फुलपाखराचा फोटो टाकला की नाव मिळते, म्हणून बरेच जण आयनॅचरलिस्ट हे ॲप फोनवर घेतात. हळदीकुंकू, कावळ्या, रुईवरचा टायगर यांच्यासाठी ते सहज पुरते. खरी कसोटी लागते ती स्वॅलोटेल कुळात, म्हणजे बहुधा शेपटी असलेल्या मोठ्या फुलपाखरांच्या कुळात. इथे एकाच जातीच्या माद्या तीन वेगवेगळ्या रूपांत उडतात, दोन वेगळ्या जाती जवळजवळ सारख्या दिसतात, आणि पंखांवरची लाल-पांढरी नक्षी पाहून केलेला अंदाज हमखास चुकतो. म्हणून हे परीक्षण फक्त या एका कुळापुरते आहे, आणि सोबतीला ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ घेतले आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. फोटो नीट असेल तर जात ओळखण्यात ॲप चांगले आहे. नर की मादी, मादीचे रूप कोणते आणि ते तसे का, या प्रश्नांवर मात्र ते गप्प बसते. स्वॅलोटेलमधली निम्मी मजा याच प्रश्नांत आहे, त्यामुळे दुसरे साधन शेजारी उघडे ठेवावेच लागते. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

आयनॅचरलिस्टची सुरुवात २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून झाली. फोटो पाहून नाव सुचवणारी संगणकीय यंत्रणा २०१७ साली आली आणि २०२३ पासून ही स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. खाते उघडायला ईमेल लागतो. लहान मुलांसाठी याच मंडळींचे ‘सीक’ नावाचे वेगळे ॲप आहे. त्याला खाते लागत नाही आणि ते रेंज नसतानाही नाव सुचवते, पण तिथे इतर माणसांकडून नाव तपासून मिळत नाही. स्वॅलोटेलसाठी सीकवर थांबू नये, कारण या कुळात माणसाची दुसरी नजर फार उपयोगी पडते.

पश्चिम घाटात या कुळाच्या १९ जाती आहेत. एवढी छोटी यादी असल्यामुळे कुणालाही ती पाठ करता येते, आणि ॲप वापरण्यापूर्वी ती करावीच. सदर्न बर्डविंग, मलाबार रोझ, कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ, स्पॉट सोर्डटेल आणि फाइव्हबार सोर्डटेल, कॉमन जे, टेल्ड जे आणि ब्लूबॉटल, कॉमन माइम, मलाबार रेव्हन, मलाबार बँडेड स्वॅलोटेल, लाइम, रेड हेलन, कॉमन मॉरमॉन आणि ब्लू मॉरमॉन म्हणजे आपला नीलवंत, पॅरिस पीकॉक, मलाबार बँडेड पीकॉक आणि कॉमन बँडेड पीकॉक. मुंबई-पुण्याच्या बागेत यातल्या थोड्याच भेटतात. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या रानात गेलात की यादी झपाट्याने वाढते.

यातल्या काही जातींवर ॲप सहसा अडखळत नाही. लाइमला शेपूट नसते, काळ्यावर फिक्या पिवळ्या ठिपक्यांची दाट नक्षी असते आणि मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात लाल ठिपका असतो. असे दुसरे फुलपाखरू आपल्याकडे नाही. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेला नीलवंतही मागच्या पंखाच्या निळाईमुळे लगेच कळतो. त्याची मादी जरा फिकी आणि तपकिरीकडे झुकणारी असते, एवढे लक्षात ठेवले की झाले. सदर्न बर्डविंगमध्ये नर-मादी ओळखणेही सोपे आहे: मादीच्या सोनेरी मागच्या पंखात मोठ्या काळ्या ठिपक्यांची ओळ असते, नराचे सोनेरी क्षेत्र बरेच मोकळे असते. ॲप हा फरक सांगत नाही. तुम्ही पाहून ‘लिंग’ या रकान्यात भरायचा.

आता मुख्य अडचण, कॉमन मॉरमॉन. कढीपत्ता, लिंबू आणि त्यांच्या कुळातल्या झाडांवर वाढणारे हे फुलपाखरू महाराष्ट्रभर दिसते, म्हणून गोंधळही सर्वांत जास्त याच्यावरच होतो. नर एकाच रूपाचा: काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा, पुढच्या पंखाच्या कडेला बारीक पांढरे ठिपके. भारतात मादीची रूपे मात्र तीन आहेत.

सायरस हे पहिले रूप नरासारखेच दिसते. स्टिचियस हे दुसरे रूप कॉमन रोझची नक्कल करते: मागच्या पंखावर पांढरा डाग आणि कडेला लाल ठिपके. रोम्युलस हे तिसरे रूप क्रिमझन रोझची नक्कल करते: पुढच्या पंखावर पांढुरके पट्टे, मागच्या पंखावर लाल ठिपके. नक्कल कशासाठी, तर रोझ फुलपाखरांचे सुरवंट सापसंद आणि तिच्या जातभाई वेलींवर वाढतात, त्या वेलींतली विषारी द्रव्ये अंगात साठवतात आणि पक्ष्यांना नकोशी होतात. मॉरमॉनच्या अंगात ते विष नाही. तिने फक्त कपडे घेतले आहेत.

ॲपला फोटो दिला की ते अख्ख्या चित्राचा मेळ घालून नावांची यादी देते आणि त्यातली जवळपास आढळणारी कोणती तेही दाखवते. स्टिचियस मादी आणि कॉमन रोझ यांच्यात नेमके हेच अपुरे पडते, कारण दोन्ही जाती त्याच तालुक्यात उडतात आणि दोघींची पंखांची नक्षी सारखीच. निकाल लागतो तो अंगावरून. रोझचे अंग लाल, मॉरमॉनचे काळे. पण इथे एक बारकावा आहे जो बऱ्याच ओळख-तक्त्यांत नसतो. कॉमन रोझचे उदर वरून पाहिले तर काळपट दिसते. लाल रंग डोक्यावर, धडाच्या बाजूंना आणि उदराच्या कडांना व टोकाला असतो. पंख पसरून बसलेल्या कॉमन रोझचा वरून घेतलेला फोटो पाहून ‘अंग काळे, म्हणजे मॉरमॉन’ असे ठरवले तर फसगत होते. डोके पाहा, नाहीतर बाजूने फोटो घ्या. क्रिमझन रोझमध्ये ही भानगड कमी, कारण तिचे उदर बरेचसे लालभडक असते. शिवाय रोम्युलसची नक्कल तितकी हुबेहूब नसते. तिचे पुढच्या पंखावरचे पट्टे मळकट आणि पसरट, तर क्रिमझन रोझचे स्वच्छ पांढरे आणि ठसठशीत.

उडण्याची ढबही मदत करते. रोझ संथ, बेफिकीर उडतात. मॉरमॉनची मादीही एरवी तशीच संथ उडते, पण दचकली की एकदम वेग घेते. फोटोत हे येत नाही, म्हणून नोंदीच्या टिपेत एक ओळ लिहावी.

सायरस आणि नर वेगळे करणे सर्वांत अवघड. मादीच्या मागच्या पंखाच्या कडेला लाल चंद्रकोरी सहसा जास्त ठळक असतात, पण नरातही त्या थोड्या दिसू शकतात, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. लिंबाच्या कोवळ्या पानावर उदर वाकवून अंडे घालताना दिसली तर शंका उरत नाही. एरवी ‘लिंग’ रकाना रिकामा ठेवणे हेच प्रामाणिक.

मलाबार रोझ ही पश्चिम घाटापुरती मर्यादित जात गोव्यापासून दक्षिणेकडे भेटते. तिचा मागच्या पंखावरचा पांढरा डाग कॉमन रोझपेक्षा मोठा असतो. गोव्यातल्या दाट रानात घेतलेल्या फोटोला ॲपने कॉमन रोझ म्हटले तर डागाचा आकार पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. कॉमन रोझचा डागही सगळीकडे एका मापाचा नसतो, त्यामुळे एकाच फोटोवर हट्ट न धरता मागच्या पंखाची खालची बाजू स्पष्ट असलेला दुसरा फोटो मिळवावा.

ॲपवर ही रूपे नोंदवायची कशी? प्रौढ-सुरवंट-कोष-अंडे, नर-मादी, जिवंत-मृत यांसाठी ठरलेले रकाने आहेत, रूपासाठी नाही. जातीच्या नावाखाली स्टिचियस असा पर्याय शोधत बसू नये. सर्वांत सरळ उपाय असा: लिंग ‘मादी’ भरा आणि टिपेत रूपाचे नाव रोमन लिपीत, दर वेळी एकाच स्पेलिंगने लिहा, म्हणजे शोधताना सापडते. संगणकावर जादा ‘निरीक्षण-रकाने’ जोडता येतात, पण ते कुणीही तयार करू शकतो. त्यामुळे एकाच गोष्टीचे अनेक रकाने असू शकतात. एक निवडा आणि तोच कायम वापरा.

या नोंदींना किंमत का आहे ते समजून घेतले तर भरण्याचा कंटाळा येत नाही. नक्कल फायद्याची ठरते ती खऱ्या विषारी जाती आसपास पुरेशा असतील तेव्हाच. क्रिमझन रोझ मुख्यतः द्वीपकल्पीय भारतात आणि श्रीलंकेत आहे, आणि रोम्युलस रूपही त्याच पट्ट्यातले. रोझ नसलेल्या भागांत मुख्यतः सायरसच भेटते. तुमच्या गावात तिन्ही रूपे कोणत्या प्रमाणात आहेत आणि दोन्ही रोझ किती दिसतात, हे वर्षभर नोंदवले तर ती अभ्यासाला उपयोगी पडणारी माहिती होते. मात्र ॲपवरची आकडेवारी थेट मोजायला घेऊ नका. काही स्टिचियस माद्या कॉमन रोझच्या नावाखाली पडून असतात. मोजणी करायची तर आपल्या जिल्ह्यातल्या कॉमन रोझच्या सगळ्या नोंदी आधी अंगाचा रंग पाहून चाळाव्या लागतात, आणि अंग न दिसणाऱ्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागतात.

रूपांमागचे कारणही ॲप सांगत नाही, पण ते माहीत असले की गोंधळ कमी होतो. या माद्यांचा वेश ‘डबलसेक्स’ नावाच्या जनुकावरून ठरतो, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’मध्ये दाखवले. कीटकांचे नर-मादी वेगळेपण घडवणारे हेच जनुक. नक्कल करणाऱ्या रूपात त्याचा गुणसूत्रावरचा तुकडा उलटा बसलेला असतो, म्हणून नक्षीचे सगळे भाग एकत्रच पुढच्या पिढीत जातात आणि अर्धे सायरस, अर्धे स्टिचियस असे मधले रूप सहसा बनत नाही. नरातही ते जनुक असते, पण त्याचा परिणाम पंखांवर दिसत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा: एकाच मादीची अंडी कढीपत्त्यावरून घरी आणून वाढवली तर त्यातून दोन वेगळ्या रूपांच्या मुली निघू शकतात, आणि त्यात ओळख चुकल्याचे काही नाही. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसनेही १८६५ साली मलय प्रदेशातल्या स्वॅलोटेलवर लिहिताना मॉरमॉनच्या बहुरूपी माद्यांकडे लक्ष वेधले होते.

दुसरी परीक्षा कॉमन माइमची. इथे दोन रूपे आहेत आणि ती नर-मादी दोघांतही येतात. क्लायटिया हे रूप तपकिरी-काळे, कॉमन क्रो या दुसऱ्या कुळातल्या फुलपाखरासारखे. डिसिमिलिस हे रूप काळ्यावर फिक्या रेघांचे, ब्लू टायगरच्या वळणाचे. एकाच झाडावर दोन्ही रूपे दिसली तर नवख्याला दोन जाती वाटतात. ओळखण्याची युक्ती पायांत आहे. क्रो आणि टायगर यांचे पुढचे दोन पाय आखडलेले असतात, त्यामुळे ते चार पायांवर बसतात. स्वॅलोटेल सहाच्या सहा पायांवर बसते. बाजूने घेतलेल्या फोटोत पाय मोजता आले तर प्रश्न तिथेच मिटतो. पाय पानाआड गेले असतील तर मागच्या पंखाची खालची कड पाहा: माइमच्या दोन्ही रूपांत तिथे पिवळ्या ठिपक्यांची ओळ असते. टायगरच्या डोक्या-धडावर पांढरे टिपके विखुरलेले असतात, हीही खूण. घाटातल्या मलाबार रेव्हनशी क्लायटियाचा गोंधळ होतो, पण रेव्हनच्या कडेला ती पिवळी ओळ नसते, तिथले ठिपके पांढरे. माइमचे सुरवंट मैदा लकडी आणि दालचिनीच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, म्हणून आसपास कोणते झाड होते हेही नोंदीत लिहावे.

जे आणि ब्लूबॉटल यांचा गोंधळ लवकर सुटतो. ब्लूबॉटलच्या पंखांवर निळ्या-हिरव्या रंगाचा एकच उभा पट्टा असतो आणि पुढच्या पंखाच्या कडेला ठिपक्यांची ओळ नसते. कॉमन जेमध्ये ती ओळ असते. टेल्ड जे हिरव्या ठिपक्यांचा आणि आखूड शेपटीचा. मादीची शेपूट जरा लांब. खोटा अशोक, सोनचाफा, सीताफळ असलेल्या कुठल्याही सोसायटीत टेल्ड जे मिळतो. ओढ्याकाठच्या ओल्या वाळूत चिखलपान करणारे, म्हणजे ओलाव्यातले क्षार शोषणारे, जे आणि ब्लूबॉटल बहुतेक नर असतात आणि पंख मिटून बसतात, म्हणजे खालची बाजू आपोआप मिळते. तरीही ‘चिखलपान करतोय म्हणजे नरच’ असे रकान्यात भरू नका. ही शक्यता आहे, पुरावा नव्हे.

पीकॉक गटात अडचण उजेडाची. यांचा हिरवा-निळा रंग बराचसा पंखांवरच्या खवल्यांच्या रचनेतून येतो, म्हणून कोन बदलला की हिरवा निळा दिसतो. रंगाच्या छटेवरून जात ठरवू नये, पट्ट्याच्या आकारावरून ठरवावी. मलाबार बँडेड पीकॉकमध्ये पट्टा रुंद आणि दोन्ही पंखांवरून सलग जातो. कॉमन बँडेड पीकॉकमध्ये तो अरुंद. पॅरिस पीकॉकमध्ये मागच्या पंखावर मोठा निळा डाग असतो, सलग रुंद पट्टा नसतो. रेड हेलन आणि मॉरमॉनचा नर यांच्यातही असाच आकार पाहावा: मॉरमॉनचा पांढरा पट्टा मागच्या पंखावर आरपार, हेलनचा फिका डाग पंखाच्या वरच्या भागात एकवटलेला.

ॲपकडून चांगले उत्तर हवे असेल तर फोटो कसे घ्यावेत हे इथे सविस्तर सांगणे गरजेचे आहे. स्वॅलोटेल फुलावर मध पिताना पुढचे पंख सतत फडफडवतात. कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याहून जलद ठेवा. फोनवर सलग फोटो काढण्याची सोय वापरा, किंवा व्हिडिओ घेऊन त्यातली स्पष्ट चौकट निवडा. डिजिटल झूमने चित्र चुरगळते. त्यापेक्षा जवळ जाऊन घ्या आणि नंतर कापा. घाणेरी, पेंटास, जास्वंद यांच्यावर सकाळी फुलपाखरू एका ताटव्यात जास्त वेळ थांबते. एका फुलपाखराचे निदान तीन फोटो हवेत: पंखांची वरची बाजू, खालची बाजू, आणि बाजूने अंग व डोके. मागच्या पंखाचे मूळ आणि कड या दोन्ही जागा धूसर नसाव्यात. ओळखायला फुलपाखरू पकडण्याची गरज नाही, आणि संरक्षित जाती पकडणे वन्यजीव कायद्याचा भंग ठरते.

फोटो चढवताना हे पाळा. एकाच फुलपाखराचे सगळे फोटो एकाच नोंदीत घाला. दोन फुलपाखरे, मग ती एकाच फुलावर असली तरी, दोन नोंदी. फोटो असा कापा की फुलपाखरू चौकटीचा बराच भाग व्यापेल, पण पंखाची टोके आणि शेपूट कापली जाऊ देऊ नका. पहिला फोटो सर्वांत स्पष्ट ठेवा, कारण नावे सुचवताना तोच पाहिला जातो. तारीख आणि जागा तपासा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रातली तारीख-ठिकाणाची माहिती गळून पडते. मित्राकडून मागवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तारीख, जागा यातले काही नसेल तर ती नोंद संशोधनासाठी उपयोगी दर्जापर्यंत पोहोचतच नाही. सापसंदीची वेल किंवा दुर्मीळ जातीची नेमकी जागा उघड करायची नसेल तर ‘अस्पष्ट’ हा पर्याय निवडा. मग नकाशावर ती सुमारे २० किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी दिसते. धोक्यातल्या ठरवलेल्या काही जातींची जागा ॲप स्वतःहूनच अस्पष्ट करते.

आता सूचनांची यादी समोर आली. यातले पहिले नाव डोळे झाकून दाबणे ही सर्वांत मोठी चूक. संकेतस्थळावर सूचनेशेजारी तुलनेची सोय आहे. ती उघडून सुचवलेल्या दोन जातींचे फोटो शेजारीशेजारी ठेवा. जातीच्या पानावर ‘समान जाती’ नावाचा भाग असतो, त्यात लोक तिची गल्लत कुणाशी करतात ते दिसते. कॉमन रोझचे ते पान कुठल्याही स्वॅलोटेलच्या कामाआधी एकदा वाचावे. खात्री नसेल तर जातीवर न जाता प्रजातीवर, म्हणजे जातीच्या वरच्या गटावर (जीनस) थांबा. डोक्यासकट अंग काळे आणि ठिपके लाल एवढेच कळले तर ‘पॅपिलिओ’ (मॉरमॉनची प्रजाती) लिहून माणसांना विचारा. त्यात कमीपणा नाही.

‘रिसर्च ग्रेड’ हा शिक्का काय सांगतो आणि काय नाही, हेही नीट पाहा. तारीख, जागा आणि फोटो असलेल्या नोंदीवर किमान दोन जण आणि एकूण मतांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त एकाच जातीवर सहमत झाले की तो मिळतो. म्हणजे दोन माणसांनी तेच नाव दाबले तरी तो मिळू शकतो. तज्ज्ञाने तपासल्याची ती हमी नाही. स्टिचियससारख्या प्रकरणात कुणीतरी ‘अंग काळे आहे’ असे लिहून असहमती नोंदवली तर नोंद सुधारते, आणि अशी असहमती दाखवायला कुणीही कचरू नये. परवान्याचेही पाहून घ्या. नव्या खात्यात फोटो सहसा बिगर-व्यापारी वापरासाठी खुले असतात. सेटिंगमध्ये ते बदलता येते.

‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ची घडण वेगळी आहे. कृष्णमेघ कुंटे आणि सहसंपादक ते चालवतात, आणि तिथे आलेले फोटो तपासून मगच जातीच्या पानावर लावले जातात. प्रत्येक फोटोला जागा, तारीख आणि टिपणाऱ्याचे नाव असते. झटपट उत्तर इथे मिळत नाही. तुम्हाला निदान गट तरी माहीत हवा, मग जातीचे पान उघडायचे. पण पान उघडले की एकाच जातीचे कितीतरी फोटो, वेगवेगळ्या राज्यांतले, वरची-खालची बाजू, कित्येकदा अंडी, सुरवंट आणि कोष, खाद्यवनस्पती आणि नकाशा हे सगळे एका जागी मिळते. फरक समजून घ्यायला, म्हणजे ‘हा डाग इतका लहान असू शकतो का’ हे ठरवायला, यासारखे साधन नाही. फोनच्या छोट्या पडद्यावर ते वाचायला जड जाते, संगणकावरच उघडा. मराठी नावांनी शोध घेण्यापेक्षा इंग्रजी किंवा शास्त्रीय नावाने घेतलेला बरा, कारण एकाच फुलपाखराला वेगवेगळ्या भागांत वेगळी मराठी नावे आहेत.

काम असे चालवावे: रानात ॲपने नोंद घ्या (रेंज नसली तरी ती साठते), घरी येऊन संकेतस्थळावर ताडून पाहा, मग लिंग आणि रूप भरा.

दोन्ही साधने वापरताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी: प्रत्येक वेगळेपण म्हणजे नवे रूप नव्हे. जुने झालेले फुलपाखरू खवले गमावते, काळा रंग तपकिरी होतो आणि लाल फिका पडतो. पक्ष्याने शेपूट तोडलेला मॉरमॉन शेपूट नसलेल्या जातीसारखा दिसतो. अशा वेळी मागच्या पंखाची कड दातेरी फाटलेली आहे का पाहा. सुरवंटाला पुरेसे खायला मिळाले नाही तर फुलपाखरू ठेंगणे निघते, म्हणून आकार ही जात ठरवणारी खूण नाही. डावा अर्धा नर आणि उजवा अर्धा मादी असे फुलपाखरू क्वचित सापडते. ते सापडले तर दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो घ्या, टिपेत ठळक लिहा, आणि ‘लिंग’ रकाना रिकामा ठेवा.

सुरवंट आणि कोषांच्या बाबतीत ॲपवर सर्वांत कमी विसंबावे. लिंबावरचे लाइम, कॉमन मॉरमॉन आणि नीलवंत यांचे लहान सुरवंट सगळेच पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात. या अवस्थेत जातीचे नाव देऊच नये. शेवटची कात टाकून ते हिरवे झाले की खुणा दिसू लागतात, तेव्हा पुन्हा फोटो घ्यावा. कोषाचा रंगही जातीचा पुरावा नाही: लाइम आणि मॉरमॉन या दोघांचे कोष हिरवे किंवा तपकिरी होऊ शकतात, आणि ते ज्या पृष्ठभागावर कोष बांधतात त्यावर हे बरेच अवलंबून असते. घरी बरणीत वाढवत असाल तर कोवळ्या डहाळीसोबत एक वाळकी काटकीही ठेवा, सुरवंटाचा, कोषाचा आणि बाहेर आलेल्या फुलपाखराचा फोटो वेगवेगळ्या तारखांच्या नोंदींत टाका आणि टिपेत तिन्ही नोंदींचे दुवे जोडा. लहान सुरवंटांची नावे मागाहून पक्की करायला ओळख तपासणाऱ्यांच्या हाती अशी साखळी हवीच असते.